आधी बघ, अडलंय कुठे

काल रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. एवढ्या रात्री फोन म्हणजे घरी कोणाचं तरी काही बरंवाईट. उचलला तर तू म्हणतेस, "ताई, टॉरेंट साडेतीनशे केबीच्या वर जाऊनच नाही राहिलं ना! उद्या मी नेटची कंपनीच बदलून टाकते." तो वैताग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. रोवणीच्या दिवसांत मोटर सुरू असायची आणि पाणी बांधीपर्यंत पोचायचं नाही, तेव्हा बाबांचा आवाज अस्साच व्हायचा. पण बाबा कधी मोटर बदलायला निघाले नाहीत. ते पाइपाच्या कडेकडेनं चालत जायचे आणि मध्येच कुठे ओलं दिसतंय का ते बघायचे.

मी झोपेत होते, नीट बोलले नाही. आता दुपारचं जेवण आटोपून सावकाश लिहितेय. तू वाचता वाचता एकेक करून बघ. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि वेग वाढला, तर कशानं वाढला ते देवालाही सांगता येणार नाही.

आधी हिशेब. तुझ्या प्लॅनवर लिहिलेले ५० म्हणजे मेगाबिट. टॉरेंटच्या खिडकीत दिसतात ते बाइट. ८ बिटांचा १ बाइट. ५० ला ८ नं भागलं की सव्वासहा येतात. म्हणजे सगळं उत्तम असलं तरी तुला सेकंदाला सहा मेगाबाइटच दिसतील, पन्नास जन्मात दिसणार नाहीत. एमएस-सीआयटीच्या वर्गात मी हे किती वर्षं फळ्यावर लिहिलं, तरी दर बॅचमध्ये एखादं पोट्टं उठून म्हणायचंच, "मॅडम, कंपनी लुटून राहिली." पण तुझे साडेतीनशे केबी म्हणजे सहाच्या जागी अर्धा मेगाबाइटसुद्धा नाही. सहा जीबीची उबुंटू या वेगानं पावणेपाच तास खाईल, खऱ्या वेगानं सतरा मिनिटांत उतरेल. तेव्हा तक्रार खरी आहे तुझी. ती कोणाविरुद्ध करायची, तेवढंच ठरायचं आहे.

त्यासाठी दोन परीक्षा घे. टॉरेंट पूर्ण थांबव, कॉम्प्युटरला राउटरची वायर थेट लाव आणि साधी स्पीड टेस्ट कर. चाळीस-पंचेचाळीस आले तर कंपनीला शिव्या घालायचं कारण संपलं. मग दुसरी परीक्षा. तू काल दोन फायलींची नावं घेतलीस. एक उबुंटू, शाळेतल्या सात जुन्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी टाकायला. (बरं केलंस. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, आणि ती यंत्रं अकरा काही पेलत नाहीत. पण साधी उबुंटूही त्यांना जड जाईल, लुबुंटू घे.) दुसरा तो कोणीतरी वाटलेला जुन्या शिकवणीच्या व्हिडिओंचा गठ्ठा, जो ९८ टक्क्यांवर चार दिवस बसून आहे. तुझ्या मते दोन्हींचं दुखणं एकच. मला तसं वाटत नाही.

उबुंटू किंवा डेबियनची टॉरेंट फाईल त्यांच्या अधिकृत साइटवरून घेतली की तिच्यामागे जगभरातले शेकडो कॉम्प्युटर उभे असतात. ती धावली आणि तुझा गठ्ठा रखडला, तर दोष गठ्ठ्याचा. ती सुद्धा रखडली, तर दोष तुझ्या घरातला. तुझी तर उबुंटूही साडेतीनशेवर आहे. म्हणजे तुझी दोन दुखणी आहेत आणि औषधंही दोन लागतील.

गठ्ठ्याचं आधी सांगते, कारण त्यावर औषध जवळपास नाहीच. फाईलच्या नावापुढे सीड किती ते बघ. सीड म्हणजे ज्याच्याकडे अख्खी फाईल आहे आणि जो ती वाटायला बसला आहे तो. पीअर म्हणजे तुझ्यासारखे अर्धेमुर्धे. तुझ्या गठ्ठ्याला सीड शून्य असणार. उपलब्धतेचा आकडा ०.९८ असा एकाच्या आत दिसला, तर त्याचा अर्थ इतकाच की आत्ता जोडलेल्या सगळ्यांकडचं एकत्र केलं तरी फाईल पुरी होत नाही. तुझ्या डी.एड.च्या वसतिगृहात नोट्स कशा फिरायच्या आठवतं? पान एकीकडे, पान दुसरीकडे. जे पान एकाच मुलीकडे असायचं ते सगळ्या जणी आधी उतरवून घ्यायच्या, कारण ती शनिवारी गावी जाणार. टॉरेंटही तसंच करतं, दुर्मीळ तुकडा आधी मागतं. तुझ्या गठ्ठ्यातली ती पानवाली मुलगी गावी गेली, आणि कोणी वेळेत उतरवून घेतलं नाही. ती परत येईपर्यंत तू राउटर बदल, कंपनी बदल, घर बदल, शेवटचे दोन टक्के येणार नाहीत. दुसरीकडे तीच फाईल मिळते का शोध, नाहीतर नाद सोड.

आता उबुंटूकडे वळू. इथे मला जरा मागून सुरुवात करू दे.

ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं २००१ मध्ये बिटटॉरेंट लिहिलं. तोवरची रीत अशी की एका मोठ्या कॉम्प्युटरवर फाईल आणि हजार माणसं त्याच्या दारात. त्यानं फाईलचे तुकडे केले आणि सांगितलं, ज्याला जो तुकडा मिळाला त्यानं तो दुसऱ्याला द्यायला लागावं. ऐकायला हे परोपकारासारखं वाटतं, पण आत नियम चांगलाच रोखठोक आहे. तुझा कॉम्प्युटर दर १० सेकंदांनी हिशेब करतो की मला सगळ्यात जास्त कोण देतंय, आणि मूळ रचनेत अशा चारच जणांना तो आपलं देणं सुरू ठेवतो. बाकीच्यांना म्हणतो, थांबा. समोरचाही तुझ्याबद्दल हाच हिशेब करत असतो.

कोकणात आणि देशावर शेतीत सावड असते ना, तसं हे. मी तुझ्याकडे एक दिवस आले, तू माझ्याकडे एक दिवस ये, दिवसाला दिवस. इरजिक वेगळं. इरजिकात अख्खा गाव बैल-नांगर घेऊन एकाच्या शेतात उतरतो, आणि जेवण सोडलं तर काही मागत नाही. टॉरेंटमध्ये फाईल उतरत असते तोवर सावड चालते. फाईल पूर्ण झाल्यावरही जो बंद न करता वाटत राहतो, त्याचं इरजिक. तुझी उबुंटू ज्या सीडांकडून येते ते सगळे इरजिकवाले.

आणि जो आत्ताच आला, ज्याच्याकडे द्यायला एकही तुकडा नाही, त्याचं काय? त्याचीही सोय कोहेननं ठेवली आहे. दर ३० सेकंदांनी प्रत्येक कॉम्प्युटर एका अनोळख्याला, काही न बघता, थोडं देऊन बघतो. एवढं मला फार आवडतं. नव्या सुनेला पहिल्या रोवणीत कोणी तिचा हात किती चालतो ते विचारत नाही, तिच्या पुढ्यात पऱ्ह्यांची पेंढी टाकतात आणि बघतात. म्हणून टॉरेंट सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं वेग बघायचाच नाही. हातात तुकडे यायला वेळ लागतो.

माझी फजिती सांगते. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, आणि पुढे आमच्या संस्थेतही ते लागलं. वेग २५६ केबीपीएस. सरकारच्या २००४ च्या धोरणात तेवढ्यालाच ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं होतं. बाइटात धरलं तर सेकंदाला ३२ केबी. सातशे एमबीची लिनक्सची सीडी उतरायला सलग सहा तास लागायचे, आणि सलग सहा तास वीज? ज्या चंद्रपूरच्या चिमण्यांमधून महाराष्ट्रभर वीज जाते, त्या जिल्ह्यात भारनियमन! साधं डाउनलोड वीज गेली की मरायचं, पुन्हा पहिल्यापासून. टॉरेंट मात्र वीज आल्यावर आपले तुकडे तपासायचं आणि उरलेल्यापासून पुढे निघायचं. मी तर प्रेमातच पडले होते. (तरी माझी पहिली उबुंटू टपालानं आली. ते लोक २०११ पर्यंत जगभर फुकट सीड्या पाठवायचे. पोस्टमनकाकांनी विचारलं होतं, "परदेशातून काय मागवलं, मॅडम?")

तर फजिती अशी. मला वाटलं, आपली लाइन एवढीशी, त्यातून दुसऱ्याला कशाला द्यायचं? अपलोडच्या मर्यादेत मी १ टाकला. सेकंदाला एक केबी. डाउनलोड वाढेल म्हणून वाट बघत बसले, आणि ते बत्तीसवरून आठ-नऊवर आलं. कामचुकार म्हणून सावडीतून उठवलं होतं मला सगळ्यांनी. मग मी चिडून दुसऱ्या टोकाला गेले, मर्यादाच काढून टाकली. तर त्याहून वाईट! साधं मेलसुद्धा उघडेना.

दुसऱ्या वेळी काय झालं ते कळायला मला दोन वर्षं लागली. फाईलचा प्रत्येक हप्ता आला की आपला कॉम्प्युटर पाठवणाऱ्याला 'मिळालं' अशी पोच देतो, रजिस्टरच्या पत्रासारखी. पोच गेली की पुढचा हप्ता निघतो. ही पोच जाते अपलोडच्या रस्त्यानं. तो रस्ता आपणच दुसऱ्यांना तुकडे वाटून गच्च भरला, तर पोच मागे अडकते आणि पाठवणारा हातावर हात धरून बसतो. म्हणून देणं बंदही करायचं नाही आणि मोकाटही सोडायचं नाही. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा जो आकडा आला त्याच्या सत्तर-ऐंशी टक्के मर्यादा टाक. तुझा अपलोड २० मेगाबिट आला, तर बाइटात अडीच मेगाबाइट, म्हणजे दोन हजार केबीच्या आसपास. डाउनलोडची मर्यादा शून्य, शून्य म्हणजे इथे अमर्याद. हल्लीच्या प्रोग्रामांमध्ये रस्ता भरला की आपोआप मागे सरायची युक्ती असते. तरीही हा आकडा स्वतः टाकलेला बरा.

आता एक प्रश्न विचारते, खरं सांग. तो प्रोग्राम पहिल्यांदा उघडलास तेव्हा विंडोजनं एक चौकट दाखवली असेल. या प्रोग्रामला नेटवर्कवर येऊ-जाऊ द्यायचं का, असं विचारणारी. तू काय दाबलंस? तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू 'रद्द' दाबलं असणार. दारावर अनोळखी माणूस आला तरी तू जाळीच्या आडूनच बोलतेस. मी शिकवलेल्या पोरींपैकी निम्म्या जणींनी हेच केलं होतं. विंडोजच्या फायरवॉलमध्ये जाऊन त्या प्रोग्रामला परवानगी दे. दुसरं अँटिव्हायरस असेल तर त्यातही दे.

ते केल्यावर प्रोग्रामच्या खालच्या पट्टीत जोडणीचं छोटं चिन्ह असतं ते बघ. हिरवं असेल तर बाहेरचे लोक तुझ्या दारापर्यंत येऊ शकतात. पिवळं असेल तर तू त्यांच्याकडे जाऊ शकतेस, पण ते तुझ्याकडे येऊ शकत नाहीत. पिवळ्यावर डाउनलोड चालतं, फक्त जे तुझ्यासारखेच दार लावून बसलेत त्यांची आणि तुझी गाठ सहसा पडत नाही. दार उघडायचं काम राउटरचं. त्याच्या सेटिंगमध्ये यूपीएनपी नावाची कळ असते ती चालू कर, प्रोग्राममध्येही कर. पोर्टचा आकडा ६८८१ ते ६८८९ मधला असेल तर बदलून पन्नास हजारांच्या आसपासचा कोणताही टाक, कारण ते जुने आकडे सगळ्यांना पाठ आहेत आणि काही ठिकाणी नेमके तेच अडवतात.

एवढं करूनही पिवळंच राहिलं तर राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता बघ. तो १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर राउटरचं दार उघडून भागणार नाही. आशियाकडचे जुन्या पद्धतीचे पत्ते एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपले. तेव्हापासून कंपन्या एकाच पत्त्यावर पुष्कळ घरं बसवतात. चाळीला एकच टपालपेटी असावी तसं. बाहेरून तुझ्या नावानं आलेल्या माणसाला पेटीपाशीच कळत नाही की कोणत्या खोलीकडे जावं. यावर दोन उपाय. राउटरमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये आयपीव्ही६ चालू कर. ते नवे पत्ते इतके आहेत की घरटी काय, माणशी वाटले तरी उरतील, आणि त्यावरून येणाऱ्याला मधली पेटी आडवी येत नाही. नाहीतर कंपनीकडे स्वतंत्र पत्ता माग, पण त्याचे वेगळे पैसे घेतात. लुबुंटूसाठी मी तरी देणार नाही.

जोडण्यांचा आकडा तुझ्या भाच्यानं वाढवून ठेवलाय म्हणालीस. पाचशे! जास्त माणसं म्हणजे जास्त वेग असं त्याला वाटतं. तुझा राउटर हजार-बाराशेचा. प्रत्येक जोडणीची नोंद तो आपल्या छोट्याशा वहीत ठेवतो, आणि वही भरली की बाकीच्या घराचा व्हॉट्सअॅपही बंद पडतो. दीडशेवर आण. भाच्याला सांग, मावशीनं सांगितलं.

आता तुझ्या घराकडे येते. तू वरच्या खोलीत बसतेस आणि राउटर आहे खाली, माजघरात, सासूबाईंच्या लोखंडी कपाटामागे. दिवाळीत आले होते तेव्हाच मी बघितलं, पण तेव्हा बोलले असते तर तुझ्या सासूबाईंना वाटलं असतं, ही आमचं घर लावायला निघाली. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लाट वेगवान, पण अशा भिंतीत जिरून जाते. २.४ ची पलीकडे पोचते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची तिच्यावर गर्दी. लोखंडी कपाट तर दोघींनाही तोंड फिरवायला लावतं. म्हणूनच मी वर सांगितलं, परीक्षा वायर लावून घे. वायरवर पंचेचाळीस आणि वरच्या खोलीत पाच आले, तर मी लिहिलेलं निम्मं विसर आणि कपाट हलव. वायर घेताना आठ तारांची घे. स्वस्तातल्या चार तारांच्या वायरीवर शंभर मेगाबिटच्या वर जात नाही. तुला पन्नासला पुरेल, पण प्लॅन वाढवलास तर पुन्हा मलाच फोन करशील.

अशाच एका कपाटामागे आमच्याकडे अजून एक प्रकार झाला होता. महिनाभर संध्याकाळी वेग पडायचा. तक्रार केली, दोनदा माणूस येऊन फायबरचा डबा बदलून गेला, मी त्याला नाही नाही ते बोलले. तिसऱ्यांदा आलेल्या पोरानं खिशातून तपासायचं छोटं यंत्र काढलं, फायबरच्या टोकाला लावलं आणि म्हणाला, "ताई, पॉवर उणे तीस येऊन राहिली." घरच्या डब्याला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा उजेड वाचता येतो, त्याहून क्षीण झाला की तो चाचपडतो. त्यानं कपाट वीतभर पुढे ओढलं. फायबर भिंत आणि कपाटाच्या मध्ये घडी घातल्यासारखी दुमडली होती. काच आहे ती आत, उजेड वाकतो पण इतका नाही. मोकळी केली, उणे एकवीस. पोराला मी चहा दिला, आधीच्या दोघांची मात्र अजून माफी मागितलेली नाही.

तेव्हा डब्यावरचे दिवे बघायची सवय लाव. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर सेटिंगमध्ये हात घालू नकोस, फायबर कुठेतरी तुटली आहे. रस्त्याचं खोदकाम, नाहीतर वाऱ्यानं खांबावर पडलेली फांदी. तुझ्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, तिथे फांद्यांना काय तोटा? तक्रार नोंदव आणि स्वयंपाकाला लाग. मे महिन्यात डबा खिडकीत ठेवू नकोस. आमच्या चंद्रपुरात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला की माणसं वेडी होतात, डब्याचं काय? आणि जूनमध्ये गडगडायला लागलं की डब्याचा प्लग काढ. फायबरमधून वीज येत नाही, ती काचच आहे, पण विजेच्या बोर्डातून येते आणि लॅनच्या वायरीतून कॉम्प्युटरपर्यंत जाते.

आपल्या मावशीची भामरागडची पोर हे सगळं वाचून हसेल. तिच्या तिकडे ना फायबर ना कपाट, मोबाइलवरच सगळं. दिवसाचा दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला आठ केबी. त्या वेगानं एक जीबी उतरायला पस्तीस तास लागतात. तिला मी टॉरेंट करू नको म्हणूनच सांगितलं आहे. मोबाइलच्या जाळ्यात एका पत्त्यावर किती माणसं बसलेली असतात त्याला सुमार नाही, आणि वाटण्यातही तिचाच डेटा जातो. तुझ्याही प्लॅनची महिन्याची मर्यादा किती ते बघून घे. बहुतेक ठिकाणी अपलोडही त्याच खात्यात मोजतात. तू रात्रभर इरजिक करत बसलीस आणि वीस तारखेलाच वेग दोन मेगाबिटवर आला, तर आमचे जावईबुवा क्रिकेटच्या ऐन सामन्यात कोणाचं नाव घेतील? लुबुंटू उतरली की जितकं घेतलंस तितकं तरी देऊन बंद कर, एवढीच माझी अट.

भाच्याचं अजून एक. पिक्चर उतरवून दे म्हणून तो मागे लागलाय म्हणालीस. २०१६ मध्ये बंद केलेल्या साइटींवर तीन वर्षं तुरुंगाची सूचना झळकायला लागली आणि लोक घाबरले. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, बेकायदा वाटणं हा आहे. लोकांनी यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. पण टॉरेंटमध्ये घेता घेता आपण वाटतच असतो, ते वर एवढं लिहिलंच. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये त्याला सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. तुझ्या नावावरच्या लाइनवरून, बाई. वडसाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग बघायला आपण थंडीत घोंगडी घेऊन, तिकीट काढून बसतो ना? मग पिक्चरलाही काढू दे त्याला.

शाळेसाठी मराठी विकिपीडिया हवा असेल तर किविक्सवर अख्खा मिळतो, नेट नसतानाही उघडतो, आणि टॉरेंटनंही उतरवता येतो. तो मीच उतरवून ठेवलाय. भामरागडच्या पोरीलाही तोच पाठवला, ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर, अजून बरंच काही भरून, एसटीनं जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या हाती. सहा तासांत पोचला. मी गंमत म्हणून भागाकार केला तर सेकंदाला तीन मेगाबाइटला थोडासाच कमी भरला. तुझ्या कालच्या वेगाच्या आठ पट! पर्लकोटेला पूर आला की मात्र ही लाइनही बंद. पेनड्राइव्ह देताना एक चूक केली होती मी. तो जुन्या फॅट३२ पद्धतीचा होता, आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. आधी एक्सफॅट करून घ्यावा लागला. तुझ्या डिस्कचंही बघ, डाउनलोड थेट फॅट३२ च्या पेनड्राइव्हवर लावलं असशील तर ते चार जीबीच्या पुढे कंपनीच्या बापालाही नेता येणार नाही.

मी शनिवारी दुपारच्या गाडीनं येते आहे, आरमोरीला चारपर्यंत पोचेन. वायर मी आणते, आठ तारांची. तू तोवर फायरवॉल आणि अपलोडचा आकडा बघून ठेव, आणि सासूबाईंच्या कानावर कपाटाचं घाल. तूच घाल, मी नाही. हलवताना जावईबुवांना आणि भाच्याला हात लावायला सांग, आणि आतली भांडी आधी काढ. मागची फायबर ओढली जाईल, तिच्यावर एकीनं नजर ठेवायला लागेल.